आईचा खांदा, भिंतीवरच्या खुणा

आईला बुचडा घालता येईना, हे मला बायकोकडून कळलं. त्याआधीचे तीन रविवार मी गावी जाऊन, आईच्या हातची भाकरी खाऊन आलो होतो आणि मला काहीच दिसलं नव्हतं. आईच्या डोक्यावर पदर नेहमीच असतो. बायकोला मात्र पदराखाली केस नुसते पिळून खोचलेले दिसले. तिनं विचारलं तेव्हा आई म्हणाली की उजवा हात मानेमागं जातच नाही, अर्ध्यात अडकतो, आणि जोर केला की खांद्यातून कळ उठते ती कोपरापर्यंत येते. मास्तरला सांगू नको, असंही म्हणाली. मास्तर म्हणजे मी.

मी धाराशिवला एका हायस्कुलात शिकवतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीही झालं नव्हतं. वडिलांना एसटीच्या पाट्या वाचता यायच्या, आईला तेवढंही नाही. वडील गेल्यापासून ती गावात एकटी राहते. येरमाळ्याला बसमधून उतरलं की पुढं शेअर रिक्षा, आणि रस्त्यावर उतरून थोडं चाललं की आमची वस्ती. दोन खोल्या, पुढं ओटा, बाजूला दोन शेळ्या. धाराशिवला चल म्हटलं की शेळ्यांचं नाव पुढं करते.

तिच्या बुचड्याबद्दल थोडं सांगायला हवं. चाळीस वर्षं ती दुसऱ्यांच्या रानात गेली. सोयाबीन काढलं, ज्वारी काढली, खुरपलं. पण सकाळी घरातून निघताना तेल लावून, घट्ट पिळून घातलेला बुचडा संध्याकाळी तसाच परत यायचा. वस्तीतल्या बायका त्यावरून थट्टा करायच्या. आता रानात जाणं बंद झालं तरी रोज सकाळी ती विहार झाडायला जाते, आणि पौर्णिमेला बायकांची वंदना तीच पुढं बसून म्हणते. वाचता येत नसल्यामुळं तिनं सगळं कानानं पाठ केलेलं आहे, आणि वाचणाऱ्यांच्या चुका ती तिथल्या तिथं काढते. पण केस नीट नसले तर ती उंबरा ओलांडत नाही. मोकळ्या केसांनी बाहेर पडणं तिला अंगावरचं कापड सुटल्यासारखं वाटतं.

बायकोला घेऊन गावी गेल्या गेल्या मी खांद्याचा विषय काढला तेव्हा तिनं आधी सुनेकडं रागानं बघितलं, मग मला म्हणाली, “मला काय झाडावर चढायचं न्हाय आता. माझा बुचडा मला घालता आला का बास. तेवढं हुतंय का बघ.”

तेवढंच तिचं मागणं होतं. पुढं जे झालं त्यात मी हे मागणं विसरलो नाही, पण मी भलतंच मोजत बसलो.

त्याच महिन्यात कळंबला सांधेदुखीचं मोफत शिबिर होतं. मी रजा काढून आईला घेऊन गेलो. मंडपात एवढी गर्दी होती की आमचा नंबर दुपारी लागला. डॉक्टरांनी आईचा हात दोनदा वर-खाली करून बघितला, एक्स-रे काढून आणा, मग बघू, असं सांगितलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. बाहेरच्या टेबलावर एक मुलगी बसली होती. ती विचारायची, गुडघा, कंबर का खांदा, आणि त्याप्रमाणं छापलेला कागद हातात द्यायची. आमच्या हातात कागद आला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘खांदा जखडणे : घरच्या घरी करायचे व्यायाम.’ खाली आठ चित्रं.

तो कागद वाचताना मला किती बरं वाटलं, ते आज सांगायलाही लाज वाटते. आमच्या घरात छापलेल्या कागदाला एक मान आहे. भजी बांधून आलेल्या वर्तमानपत्रावर पाय पडला तर आई अजूनही ते उचलून कपाळाला लावते. मी ज्याला कुणी वाट दाखवली नाही असा मुलगा होतो. मला जे कळलं ते छापील पुस्तकातून कळलं, आणि पुस्तकानं मला कधी फसवलं नाही. त्यामुळं एक्स-रेचं मी मनात मागं ढकललं. त्यासाठी अजून एक दिवस रजा, पुन्हा गाडी, पुन्हा रांग. आणि इथं तर सगळं लिहूनच दिलं होतं. धाराशिवला आल्यावर मी तो कागद लॅमिनेट करून घेतला.

चौथ्या चित्रात एक बाई भिंतीकडं तोंड करून उभी होती आणि तिची बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चढत होती. मी पुढच्या रविवारी पेन्सिल घेऊन गेलो. आतल्या खोलीच्या भिंतीवर, नुकत्याच दिलेल्या चुन्यावर, आईची बोटं जिथपर्यंत गेली तिथं आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख टाकली. पहिली रेघ तिच्या हनुवटीच्या उंचीवर होती. आईला म्हटलं, रोज सकाळ-संध्याकाळ वीस-वीस वेळा करायचं, रविवारी मी येऊन बघणार.

आमच्या शेजारी माझी चुलती राहते. ती दारातून हे सगळं बघत होती. तिनं वस्तीभर करून टाकलं की मास्तरनं आईला शाळेत घातलं. आईला बघितलं की विचारायची, “काय गं, अभ्यास झाला का? का आज छडी?” आईही हसून म्हणायची की मास्तर लई कडक हाय, बाई, पोटचा असून सोडत न्हाय.

व्यायाम करताना तिच्या खांद्यातून करकर असा आवाज यायचा. मी शेजारी उभा असलो तरी ऐकू यायचा. डोळ्यांत पाणी यायचं, तोंडातून मात्र काही नाही. मी म्हणायचो, थोडं दुखणारच, जखडलेलं सुटताना दुखतं. कागदावर अगदी खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, की दुखणे वाढल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. ती ओळ मी वाचली नव्हती असं नाही. वाचली होती, आणि तिचा अर्थ माझ्या सोयीनं लावला होता. माझं सगळं शिक्षण दुखणं सोसून झालं. वसतिगृहात पोटभर जेवण नसायचं, पायात चप्पल नसायची, आणि तरी रेटत राहिलो म्हणून मी इथवर आलो, असं मला वाटत आलं आहे. सोसलं की मिळतं, याच्यावर माझा एवढा विश्वास होता की मी तो आईच्या खांद्यावरही लावला.

आणि रेघा वर चढत होत्या. हनुवटी, मग नाक, मग डोळे. दर रविवारी अर्धं बोट, कधी बोटभर. मी रेघ मारली की मोबाईलवर फोटो काढून बायकोला पाठवायचो. स्टाफरूममध्येही दाखवला. एका सहकाऱ्यानं स्वतःच्या सासूसाठी त्या कागदाची झेरॉक्स मागितली, ती मी आनंदानं दिली.

बुचडा मात्र येत नव्हता. सकाळी चुलती येऊन घालून द्यायची. तिलाही घरचं उरकून यावं लागे. तोवर आई केस पाठीवर सोडून आतल्या खोलीत बसायची, दार लोटून. विहार झाडायला उशीर होऊ लागला, मग एक-दोन दिवस राहूनही जाऊ लागलं. मी विचारलं की म्हणायची, हात वर तर जायलाय, आज न्हाय उद्या मागंबी जाईल. हे खरं तर मीच तिला सांगितलेलं वाक्य होतं. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, भिंतीला टेकून बसून राहते, हे चुलतीनं सांगितलं. आईनं नाही.

साडेतीन-चार महिने असे गेले. एका रविवारी मी नेहमीसारखा पेन्सिल घेऊन उभा राहिलो. आईची बोटं भिंतीवरून चढत होती आणि माझी नजर बोटांवर होती. आतापर्यंत माझी नजर कायम बोटांवरच असायची. त्या दिवशी माझ्या हातातून पेन्सिल निसटली. उचलायला मी खाली वाकलो आणि मला आईच्या टाचा दिसल्या. भेगा पडलेल्या त्या दोन्ही टाचा जमिनीपासून चार बोटं वर होत्या, आणि पायाची बोटं शेणानं सारवलेल्या जमिनीत रुतली होती. पिंढऱ्या थरथरत होत्या, आणि कंबरेपासून अंग डावीकडं कलवून तिनं सगळा खांदाच वर उचलला होता.

मी तसाच वाकलेला राहिलो. आईनं वरून विचारलं, “मारली का रेघ?”

मी म्हटलं, आई, टाचा टेक, सरळ उभी राहा.

तिनं टाचा टेकवल्या, अंग सरळ केलं. बोटं सरसर खाली आली आणि पहिल्या रेघेच्याही खाली येऊन थांबली. चार महिन्यांपूर्वी हनुवटीपर्यंत जाणारा हात आता गळ्यापर्यंतच जात होता.

मी विचारलं, हे कधीपासून. ती जमिनीकडं बघत होती, मुलं सापडल्यावर बघतात तशी. मग म्हणाली, “दुसऱ्या तिसऱ्या आयतवारापासून. कॉपी केली म्या, बाबा. तू रेघ मारलीस का तुझं तोंड असं फुलायचं. म्हटलं, एवढ्या लांबून येतंय लेकरू, रिकामं कशाला लावून द्यायचं.”

 चुलती दारात होती, तिनं त्या दिवशी छडीचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आईला धाराशिवला आणलं आणि एक्स-रे काढला. हाडांच्या डॉक्टरांनी तो काचेवर लावला आणि बराच वेळ बघितला. मग मला विचारलं, यांचा खांदा पूर्वी कधी निखळला होता का. मी नाही म्हणणार होतो. आई म्हणाली, व्हय.

मी बारावीला, वसतिगृहात असतानाची गोष्ट होती. पाझर तलावाच्या कामावर मातीची पाटी डोक्यावर घेऊन चढताना तिचा पाय घसरला, ती उजव्या हातावर पडली आणि खांदा बाहेर आला. शेजारच्या गावातल्या हाड बसवणाऱ्यानं पाय काखेत रोवून हात ओढला आणि बसवला. पुढच्या वर्षी झाड तोडताना पुन्हा निखळला, तेव्हा वडिलांनीच बसवला. मला कुणी सांगितलं नाही. परीक्षा होती, मग निकाल होता, मग कॉलेज होतं, सांगायचं राहूनच गेलं, असं ती डॉक्टरांना म्हणाली. मला नव्हे.

डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी कागदावर चित्र काढलं. एक चेंडू आणि एक उथळ बशी. दोन्हींवर गुळगुळीत थर असतो, म्हणून खांदा न अडखळता फिरतो. आईचा तो थर झिजून गेला होता. जुन्या दुखापतीनं सुरुवात झाली, पुढं इतक्या वर्षांच्या कामानं वाढलं. हाडावर हाड घासत होतं, कडेनं हाडाच्या गाठी आल्या होत्या, वरची स्नायूची दोरीही फाटलेली असावी. लोक सरसकट वात म्हणतात, पण ही सांध्याची झीज आहे, आणि झिजलेला थर परत येत नाही.

मी पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला. का ठेवला, मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा त्यांनी मला रागवावं असं वाटत असेल. त्यांनी तो वाचला, मागं उलटून बघितला आणि परत माझ्याकडं सरकवला.

“हा कागद चुकीचा नाही, सर. तुमच्या आईचा नाही एवढंच.”

जखडलेला खांदा वेगळा, झिजलेला वेगळा, त्यांनी समजावलं. जखडलेल्याला हळूहळू ताणून मोकळं करतात, तेही दुखणं बघून. झिजलेल्याला असं जोरानं रेटलं की सूज वाढते, दुखणं वाढतं, माणूस हात वापरायचाच सोडतो आणि मग हात आणखी आखडतो. चार महिन्यांत किती बिघडलं आणि आपोआप किती बिघडलं असतं, हे मी विचारलं. ते सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी असं उत्तर दिलं असेल का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

मग आईनं स्वतःच विचारलं. हेही तिनं डॉक्टरांकडं बघूनच विचारलं. डावा हात मानेमागं नेऊन दाखवला आणि म्हणाली, “एवढंच. केसाला हात पुरंल का?”

डॉक्टरांनी सांगितलं की दुखणं कमी ठेवता येईल. मोठ्या शहरात सांधा बदलायचं ऑपरेशन होतं, त्यानंही दुखणं जातं. पण वरची दोरी फाटलेली असल्यानं त्यानंतरही हात मानेमागं जाईलच असं ते सांगू शकत नव्हते. आई म्हणाली, मग कापून काय करायचं. 

परत येताना रिक्षात मी तिला चेंडू आणि बशी पुन्हा सांगू लागलो. तिला ते चित्र पटत नव्हतं. तेव्हा मी म्हटलं, जातं असतं ना, त्यात दाणे न टाकता फिरवलं तर दगड दगडाला खातो, तसं तुझ्या खांद्यात झालंय. हे तिला लगेच कळलं.  मग अगदी सहज, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाली, “म्हंजे चार महिने तू मला रिकामं जातं वढाया लावलंस की रं.”

त्यानंतर जे काही केलं ते सगळं सांभाळण्याचं होतं. फिजिओथेरपीच्या बाईनं शिकवलं की टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा, दुखायच्या आत थांबायचं. सकाळी गरम पाण्याच्या पिशवीनं शेक. झोपताना उताणं, कोपराखाली उशी. दुखण्याच्या गोळ्या रोज नाहीत, उपाशीपोटी तर नाहीतच, आणि मेडिकलमधून मनानं आणायच्या नाहीत. एकदा सांध्यात इंजेक्शनही दिलं, त्यानं सहा आठवडे बरे गेले आणि नंतर पुन्हा तेच. बायकोनं आईच्या पोलक्यांना पुढून मोठी बटणं लावून बाह्या सैल करून दिल्या, आणि घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी, हे तिला शिकवलं. मी गावच्या घरातली फळी खाली ठोकली, कपड्यांची दोरी छातीच्या खाली बांधली, पाण्याची घागर बदलून दोन लहान कळश्या आणल्या. दुखणं खरंच कमी झालं, आई निदान झोपू लागली. पण केसांना हात पुरला नाही.

एक्स-रेनंतरचे पहिले सोळा दिवस ती आमच्याकडं धाराशिवला राहिली. बायकोची नोकरी सकाळची आहे. ती उठायच्या आत आई उठून, केस विंचरायची फणी मांडीवर घेऊन, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून असायची. बायकोनं कधी कुरकुर केली नाही. उलट ती आईशी बोलत बोलत बुचडा घालायची, आणि तो चांगला घालायची. सोळाव्या दिवशी आई म्हणाली, मला गावाला सोड. मी कारण विचारलं तर शेळ्या म्हणाली. मग निघताना म्हणाली, “तिचा हात हलका हाय, तिचं काय न्हाय. पर रोज सकाळी उठून कुणाच्या तरी म्होरं मान देऊन बसायचं... मला न्हाय जमायचं.”

गावी पुन्हा चुलतीच. चुलती आईपेक्षा चार वर्षांनीच लहान. तिच्या बोलण्याला धार असली तरी तिनं एक दिवस चुकवला नाही. पण पुढं तिच्या पुण्याच्या लेकीचं बाळंतपण आलं, आणि तीन महिने तरी तिला जावं लागणार होतं.

ती पुण्याला निघाली त्याच दिवशी दुपारी तिचा मला फोन आला, गाडीतून. आवाज बसलेला होता. म्हणाली, “तुझ्या आयनं माझ्या हातून नगं ते करून घेतलं. म्या लई नको म्हटलं. कातरीबी तिनंच आणून ठिवली हुती. तू तिला काय बोलू नगंस.”

मी रविवारपर्यंत थांबलो नाही, दुसऱ्याच दिवशी गेलो. आई ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. डोक्यावर पदर होता, पण चपटा. मागं बुचड्याचा उंचवटा नव्हता. मी जवळ बसल्यावर तिनं स्वतःच डाव्या हातानं पदर मागं घेतला. केस कानाच्या पाळीपर्यंत होते, एका बाजूला थोडे जास्त.  बहुतेक पांढरे होते. त्यांत एवढे पांढरे असतील असं मला वाटलं नव्हतं, बुचड्यात ते दिसायचे नाहीत.

मग तीच सांगू लागली. आता डाव्या हातानं फणी फिरवली की झालं, तेलही थेंबभर लागतं. सकाळी विहार झाडून आले, कुणाची वाट बघायला नको. तिथं दोघीतिघींनी विचारलं, बालाजीला जाऊन आलीस का गं. आपलं कुठलं बालाजी, तिनं त्यांना सांगितलं, पण त्यांना काहीतरी कारण हवंच होतं. शेवटी म्हणाली, “म्हटलं, व्हय बायांनो, जाऊन आले. नवस माझ्या खांद्यानं केला हुता.”

ती हसली, मीही हसलो. कापलेली वेणी कुठं आहे, मी विचारलं. केसावर भांडी देणारी बाई सकाळीच वस्तीत येऊन गेली होती. आईनं वेणी देऊन झाकणाचा एक स्टीलचा डबा घेतला होता. लांब वेणी बघून ती बाई खूश झाली, तरी पांढरे फार आहेत म्हणून आधी छोटाच डबा देत होती, आईनं भांडून मोठा घेतला. तो तिनं आतून आणून दाखवला. नातवासाठी त्यात शेंगदाण्याचे लाडू भरून ठेवले होते.

पुढच्या पौर्णिमेला मी मुद्दाम गावी होतो. आईनं पांढरं लुगडं नेसलं, डोक्यावर पदर घेतला आणि आम्ही विहारात गेलो. ती पुढं जाईल म्हणून बायकांनी जागा सोडली होती. ती मागच्या रांगेत भिंतीपाशी जाऊन बसली. वंदना एका कॉलेजच्या मुलीनं पुस्तकात बघून म्हटली. दोन ठिकाणी ती चुकली. मी आईकडं बघितलं. ती मान खाली घालून बसली होती.

ती मागं का बसली हे मला आधी कळलं नाही, पण बघत राहिलो तसं कळलं. पदर डोक्यावर बुचड्यामुळं टिकतो. तो नसला की पदर घसरतो. आई दोन्ही हात जोडायची आणि पदर खांद्यावर यायचा. तो सावरायला उजवा हात सवयीनं निघायचा, कानापर्यंत न पोचता मध्येच थांबायचा. मग ती जोडलेले हात सोडून डाव्या हातानं पदर ओढून घ्यायची. पुन्हा हात जोडायची, पुन्हा पदर घसरायचा. सगळ्यांच्या पुढं बसून तिला हे करायचं नव्हतं. संपेपर्यंत हे सात-आठ वेळा झालं असेल. शेवटी तिनं पदर दातात धरला, आणि त्यामुळं तिला ओठ हलवून म्हणताही येईना.

घरी आल्यावर मी म्हटलं, पदराला आतून पिना लावू, नाहीतर रुमाल बांधत जा. ती म्हणाली, बघू. तिनं मला भाकरी वाढली. जेवताना माझ्यासमोर आतल्या खोलीची भिंत होती. तिच्यावर माझ्या अक्षरात तारखा टाकलेल्या रेघा होत्या, एकावर एक, नाकाच्या, डोळ्यांच्या, कपाळाच्या उंचीवर. मी म्हटलं, यावर चुना मारून टाकतो. आई म्हणाली, राहू दे, चुन्याला हात वर करावा लागतो, आता कोण करणार. मग तिच्या लक्षात आलं की मारणारा मी होतो, आणि तिनं माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

निघताना लाडवांनी पुन्हा भरलेला तो डबा माझ्या हातात देऊन ती म्हणाली की टोपण लई घट्ट बसलंय, तिच्यानं उघडत नाही, घरी गेल्यावर उघड, आणि रिकामा डबा पुढच्या रविवारी परत आण.